पॅटी पेज : एका कंठातील चौघी

अमेरिकेत १९५० साली शंभर घरांपैकी सुमारे ९ घरांत दूरचित्रवाणीचा संच होता. १९६० साली हाच आकडा ८७ च्या आसपास जाऊन पोहोचला. एवढ्या विस्तीर्ण देशाच्या दिवाणखान्यांचा ताबा एखाद्या यंत्राने अवघ्या दहा वर्षांत घ्यावा, माणसांच्या खुर्च्यांची तोंडे आपल्याकडे वळवून घ्यावीत आणि जेवणाच्या वेळांवरही आपला अंमल बसवावा, असा प्रकार इतिहासात विरळाच घडला असेल. या दशकात ज्या गायिकांच्या तबकड्या तेथे सर्वाधिक खपल्या, त्यांत अग्रभागी जिचे नाव घ्यावे लागते ती नाट्यगीतांच्या भव्य रंगमंचावरून आलेली नव्हती, की जाझच्या धुराने कोंदलेल्या तळघरांतून वर आलेली नव्हती; ती ओक्लाहोमातील एका रेल्वे कामगाराची मुलगी होती, आणि पॅटी पेज हे तिचे नावही तिचे स्वतःचे नव्हते. संगीताचे जाणते समीक्षक या बाईंविषयी लिहिताना ‘गोड’, ‘निरुपद्रवी’, ‘सामान्य’ अशी विशेषणे वापरून पुढच्या पानाकडे वळतात. मला हा निवाडा एकतर्फी वाटतो. जे सामान्य म्हणून मोडीत काढले गेले ते वस्तुतः फार काळजीपूर्वक घडवलेले होते, आणि ते घडवण्यात कंठाइतकाच यंत्राचा, व्यापाराचा व त्या काळाच्या सामाजिक संकेतांचाही हात होता.

क्लारा ॲन फाउलर हे जन्मनाव. ८ नोव्हेंबर १९२७ रोजी क्लेअरमोर या गावी तिचा जन्म झाला. अकरा अपत्यांचे कुटुंब. वडील मिसुरी–कॅन्सस–टेक्सस लोहमार्गावर कामाला. आई आणि थोरल्या बहिणी शेतांत कापूस वेचायला जात. वेचणीची मजुरी म्हणजे काय, बोंडाच्या काट्यांनी बोटांची काय दशा होते, हे वऱ्हाड-खानदेशातील वाचकास निराळे सांगावयास नको. घरात वीज नव्हती, त्यामुळे दिवस मावळल्यावर वाचन करणे शक्यच नसे, अशी आठवण या बाईंनी पुढे दूरचित्रवाणीवरच सांगितली आहे. ज्या मुलीच्या घरी दिव्याचे बटण नव्हते तिच्या पुढील सर्व भाग्याचा आधार विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी पुरवावा, यात दैवाने काही विनोद साधला आहे असे कोणास वाटल्यास त्यास दोष देता येणार नाही.

कुटुंब फिरत फिरत टल्सा शहरी स्थिरावले. १९४५ साली क्लाराने तेथील डॅनिएल वेब्स्टर हायस्कुलातून शालान्त शिक्षण पुरे केले. चित्रकलेचा तिला ओढा होता, आणि के. टी. यू. एल. या स्थानिक नभोवाणी केंद्रात तिने पहिल्याने पाऊल टाकले तेही गाण्यासाठी नव्हे, तर कलाविभागातील किरकोळ कामासाठी. तेथे तिचा गळा कोणाच्या तरी कानी पडला, आणि पंधरा मिनिटांच्या एका गायन-कार्यक्रमात तिची योजना झाली. हा कार्यक्रम पेज मिल्क कंपनी नामक दुधाच्या कारखान्याच्या खर्चाने चाले, म्हणून त्यात गाणाऱ्या मुलीचे नाव पॅटी पेज असे ठरलेले होते. नाटक मंडळीत ज्याप्रमाणे भूमिका आधी असते आणि नट मागाहून येतो, त्याप्रमाणे येथे नाव आधी होते आणि त्यात शिरणारी मुलगी मागाहून आली. पुढे कंपनीचा संबंध सुटला, नाव मात्र सुटले नाही. अमेरिकन नभोवाणीत तेव्हा कार्यक्रमाचा खरा धनी केंद्र नसून जाहिरातदार असे. साबण, सिगारेट, मोटारी, दूध यांचे कारखानदार वेळ विकत घेत आणि त्या वेळेत काय वाजावे, कोणी गावे, हे आपल्या मर्जीने ठरवीत. हीच व्यवस्था जशीच्या तशी दूरचित्रवाणीने उचलली, हे ध्यानात ठेवले म्हणजे पेजबाईंच्या पुढील कारकिर्दीतील कित्येक गोष्टींचा उलगडा होतो.

१९४६ साली जिमी जॉय यांचा वाद्यवृंद मुक्कामाला टल्सात आला होता. त्या ताफ्यातील सॅक्सोफोनवादक जॅक रेल यांनी मुक्कामाच्या जागी नभोवाणी लावली असता हा आवाज ऐकला. हा गृहस्थ चतुर होता. त्याने त्या मुलीला ताफ्यात आणले, आणि पुढे स्वतः वाद्य बाजूला ठेवून तिची मुखत्यारी पत्करली, ती अनेक दशके निभावली. ताफ्याबरोबर गावोगाव हिंडत १९४७ साली ती शिकागोस पोहोचली, बेनी गुडमन यांच्या एका लहान वाद्यसंचाबरोबर गायली, आणि त्याच वर्षी मर्क्युरी या कंपनीशी तिचा करारनामा झाला. मर्क्युरी तेव्हा दोन वर्षांची होती, शिकागोत निघालेली, न्यूयॉर्कच्या मातबर कंपन्यांपुढे तिचे भांडवल तुटपुंजे. आणि या तुटपुंजेपणातूनच पुढचा महत्त्वाचा प्रकार निघाला.

तो प्रकार समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकन वादकांच्या संघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो हे मोठे जबरदस्त गृहस्थ. तबकड्यांनी व नभोवाणीने जिवंत वादकांची रोजी बुडवली, सबब १ जानेवारी १९४८ पासून संघाच्या कोणाही वादकाने ध्वनिमुद्रणास वाजवू नये, असे फर्मान त्यांनी काढले. मुदत जवळ येऊ लागली तशी १९४७ च्या अखेरीस सर्व कंपन्यांची एकच धांदल उडाली; बंदीच्या काळात बाजारात काढता याव्यात म्हणून तबकड्यांची बेगमी होऊ लागली. या धांदलीच्या दिवसांत पेजबाईंच्या वाट्याला ‘कन्फेस’ नावाचे गाणे आले. त्या गाण्याची घडण सवाल-जबाबाची होती. एकीने ओळ म्हणावी आणि दुसरीने तिला उत्तर द्यावे. दुसरी गायिका आणावयाची तर पैसे हवेत. तेव्हा पैसे वाचवावेत आणि जबाबही त्याच मुलीने द्यावा, असे ठरले.

आज ही गोष्ट कोणाही शाळकरी मुलाच्या हातातील दूरध्वनीवर दोन मिनिटांत होते. त्या वेळी ती कशी होत असे ते पाहण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रण सामान्यतः लाखेसारखा लेप दिलेल्या मऊ तबकडीवर थेट कोरले जाई. पहिल्या तबकडीवर वाद्यवृंद व मुख्य गायन कोरून घ्यावयाचे. मग ती तबकडी वाजवावयाची, ती वाजत असता गायिकेने ती कानाने ऐकत दुसरा आवाज म्हणावयाचा, आणि दोन्हींचे मिश्रण दुसऱ्या, कोऱ्या तबकडीवर कोरावयाचे. खोडरबर येथे नाही. शेवटच्या ओळीत श्वास चुकला, तर तबकडी फेकून आरंभापासून पुन्हा सुरुवात. शिवाय प्रत्येक नव्या नकलेबरोबर सुईची खरखर वाढते आणि आधीच्या आवाजाचे तेज उतरते, म्हणून कोणता आवाज आधी घ्यावा आणि कोणता ताज्या तबकडीसाठी राखून ठेवावा याचा विचार आधीच करावा लागे. शिकागोच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंग या कलागृहात हे काम बिल पुटनम नामक तरुण तंत्रज्ञाच्या हातून होई. हा मनुष्य असा कल्पक, की हार्मोनिकावादकांच्या एका त्रिकुटाची तबकडी करताना त्याने स्नानगृहात ध्वनिक्षेपक ठेवून भिंतींचा घुमारा मुद्रणात मिसळला होता. न्हाणीघरात गळा खुलतो, हे गाणाऱ्या प्रत्येक गृहस्थास ठाऊक असते. त्याचा कारखानदारी उपयोग करणारा मात्र पुटनमसारखा एखादाच.

‘कन्फेस’ बऱ्यापैकी चालले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे युक्तीची किंमत रेल यांना कळली. १९५० साली ‘विथ माय आइज वाइड ओपन आय’म ड्रीमिंग’ या जुन्या गाण्यासाठी पेजबाईंनी एकाच्या जागी चार आवाज दिले, आणि तबकडीवर नाव छापले गेले ते ‘पॅटी पेज क्वार्टेट’ असे. चौकडीतील चौघीही एकच! त्या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. लेस पॉल हा गिटारवादक याच सुमारास आपल्या गिटारीचे व पत्नी मेरी फोर्ड हिच्या आवाजाचे थर चढवीत होता, आणि यंत्रविद्येच्या इतिहासात त्याचे नाव अधिक घेतले जाते ते योग्यच आहे. परंतु दोघांच्या हेतूंत फरक होता. लेस पॉलच्या तबकडीत यंत्राची करामत ऐकणाऱ्यास जाणवावी अशीच योजना असे. पेजबाईंच्या तबकडीत ती जाणवू नये अशी. त्या काळी अँड्र्यूज भगिनींसारख्या सख्ख्या बहिणींच्या मेळ्यांचा बोलबाला होता, कारण एका घरात वाढलेल्या गळ्यांचे स्वर, उच्चार आणि कंप आपोआप जुळतात. पेजबाई स्वतःच स्वतःच्या बहिणी झाल्या. दुसरा स्वर पहिल्यापेक्षा किंचित खाली, त्याच लकबीने, त्याच ठिकाणी श्वास घेत चालतो, आणि श्रोत्याला दोन गायिका ऐकू येत नाहीत. एकच आवाज अधिक भरदार, अधिक आश्वासक होऊन कानी येतो. यासाठी आधी गायलेल्या ओळीतील प्रत्येक सूक्ष्म हेलकावा तंतोतंत ध्यानात ठेवण्याची स्मरणशक्ती लागते. हे सामान्य गळ्याचे काम नव्हे, आणि ज्यास ते तसे वाटते त्याने स्वतःच्याच दोन ओळी एकावर एक म्हणून पाहाव्यात.

या कौशल्याचा परमोत्कर्ष झाला तो ‘टेनेसी वॉल्ट्झ’ या गाण्यात, आणि त्या गाण्याचा प्रवास असा आडवळणाचा आहे की त्याची हकिकत थोडी सविस्तर दिल्यावाचून राहवत नाही. १९४६ साली पी वी किंग आणि रेड स्ट्यूअर्ट हे दोन वादक आपल्या ताफ्याच्या सामानाच्या मालमोटारीतून नॅशव्हिलकडे चालले असता नभोवाणीवर ‘केंटकी वॉल्ट्झ’ हे गाणे लागले. केंटकीवर वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीवर का नसावा, असा विचार दोघांच्या मनात आला. किंग यांच्यापाशी एक नाव नसलेली वॉल्ट्झची चाल आधीपासून पडून होती. स्ट्यूअर्टने काड्यापेटी उलगडली आणि तिच्या पुठ्ठ्यावर शब्द लिहून काढले. टेनेसीच्या मातीचा सुगंध म्हणून पुढे जे गाजले, त्याची चाल बांधणारे किंग हे मूळचे मिलवॉकीच्या पोलिश घराण्यातील, कुचिन्स्की आडनावाचे, अकॉर्डियन वाजवणारे गृहस्थ. टोपी आणि बूट घालून ते काउबॉय झाले होते. त्यांची स्वतःची तबकडी १९४८ साली ग्रामीण संगीताच्या बाजारात बरी चालली. पुढे हीच चाल एर्स्किन हॉकिन्स या कृष्णवर्णी वाद्यवृंद-प्रमुखाने आपल्या ढंगाने वाजवली. ती तबकडी जेरी वेक्सलर यांनी ऐकली. वेक्सलर तेव्हा ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकात लिहीत. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांच्या यादीला ‘ऱ्हिदम अँड ब्ल्यूज’ हे नाव देणारे ते हेच. त्यांनी जॅक रेल यांना सुचवले की हे गाणे तुमच्या मुलीला द्या. गोऱ्या ग्रामीण वादकांची चाल, कृष्णवर्णीयांच्या वाद्यवृंदाचा संस्कार, ज्यू पत्रकाराची शिफारस आणि ओक्लाहोमाच्या मुलीचा गळा, अशी ही वंशावळ आहे. ज्यांस अमेरिकन संगीतातील जातींच्या भिंती अभेद्य वाटतात त्यांनी ती अवश्य तपासावी; आणि ज्यांस त्या मुळीच नव्हत्या असे वाटते त्यांनी या व्यवहारात पैसा सर्वाधिक कोणाच्या पदरी पडला तेही पाहावे.

नोव्हेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे मुद्रण झाले. कंपनीला या गाण्याचे फारसे अगत्य नव्हते. नाताळ तोंडावर आलेला; तेव्हा सांताक्लॉजवरील एका उडत्या गाण्यावर कंपनीची सगळी मदार होती, आणि तबकडीची दुसरी बाजू रिकामी राहू नये म्हणून हे वॉल्ट्झ तिच्यावर घालण्यात आले. सांताक्लॉज नाताळाबरोबर गेला. मागची बाजू राहिली. बिलबोर्डच्या याद्यांत ती १३ आठवडे अग्रस्थानी होती, आणि विक्रीचा आकडा कित्येक दशलक्षांच्या घरात गेला. गाण्याचा विषय तसा साधाच : एक स्त्री आपल्या प्रियकरासह नृत्य करीत असता जुनी मैत्रीण भेटते, ती दोघांची ओळख करून देते, आणि त्याच सुरांवर ती मैत्रीण त्याला घेऊन जाते. तीन-तीन मात्रांची ती चाल आपल्या दादऱ्यास सरावलेल्या कानाला परकी वाटू नये. पेजबाई ती म्हणताना आक्रोश करीत नाहीत, तक्रारही करीत नाहीत; घडलेली हकिकत एखाद्या शेजारणीला सांगावी तशी सांगतात, आणि मागून येणारा त्यांचाच दुसरा आवाज त्या हकिकतीला दुजोरा देतो. जिचा प्रियकर मैत्रिणीने नेला, तिच्या दुःखाला साथ द्यायला तिच्याखेरीज दुसरे कोणीही नाही, हा अर्थ त्या जोड-आवाजातून आपोआप निघतो. रेल यांनी किंवा बाईंनी तो योजून आणला असेल असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच वर्षी लेस पॉल व मेरी फोर्ड, जो स्टॅफर्ड, गाय लोम्बार्डो अशा नामवंतांनी हेच गाणे मुद्रित केले असता लोकांच्या मनात पेजबाईंचे गायन राहिले, त्याचे काहीतरी कारण असलेच पाहिजे.

एकाच गाण्याच्या एकाच वेळी चार-चार, पाच-पाच तबकड्या निघत, याचे आजच्या वाचकास नवल वाटेल. तो काळ गाण्याचा होता, गायकाचा नव्हे. स्वरलिपीचे छापील कागद विकणारे प्रकाशक हे या व्यापाराचे जुने सावकार. गाणे जितक्या गळ्यांतून जाईल तितके त्यांचे व्याज वाढे. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ सातासमुद्रांपलीकडेही गेले. अमेरिकन फौजेच्या अमलाखालील जपानात लष्करी तळांवर गाणाऱ्या चिएमी एरी या कोवळ्या वयाच्या मुलीने १९५२ च्या आरंभी आपली पहिली तबकडी काढली ती याच गाण्याची, आणि जपानी लोकांनी ते गाणे आपलेच करून टाकले. टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने १९६५ साली त्याला राज्यगीताचा दर्जा दिला.

यानंतर जी तबकडी आली तिने बाईंचे नाव जितके घरोघरी नेले तितकेच समीक्षकांच्या दप्तरी बद्दू केले. बॉब मेरिल यांनी रचलेले, दुकानाच्या खिडकीतील कुत्र्याच्या पिलाची किंमत विचारणारे ते बालगीत मुळात मुलांसाठीच मुद्रित झाले होते. मधूनमधून येणारे भुंकणे वाद्यवृंदातल्याच माणसांनी केले. जानेवारी १९५३ मध्ये ते बाजारात आले आणि ८ आठवडे सर्वांत वर राहिले. इंग्लंडात लीटा रोझा या गायिकेने तेच गाणे म्हटले आणि तेथील याद्यांत अग्रस्थान मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. मात्र तिला ते गाणे इतके नावडते होते की मुद्रणानंतर तिने ते कधीही म्हटले नाही. पेजबाईंनी असा तोरा दाखवला नाही. रॉक अँड रोलच्या उदयापूर्वीचे अमेरिकन संगीत किती पोचट होते हे सिद्ध करावयाचे झाले की लेखक हटकून हेच गाणे पुराव्यादाखल हजर करतात. हा न्याय मला मंजूर नाही. बालगीत बालगीताच्या मापाने मोजावे. आपल्याकडेही मुलांची गाणी प्रौढांनी आवडीने ऐकली आहेत, आणि त्यावरून मराठी संगीताचा ऱ्हास झाला असा निष्कर्ष कोणी काढलेला नाही. त्या गाण्यात विचारणारी बाई प्रवासाला निघालेली आहे आणि आपल्यामागे प्रियकर एकटा पडू नये म्हणून तिला ते पिलू हवे आहे. म्हणजे मुलांच्या खेळात प्रौढांची एक बारीकशी व्यथा शिरलेली आहे. बाई ती अजिबात अधोरेखित न करता, हसऱ्या आवाजात म्हणून मोकळ्या होतात.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. १९४८ ते १९५२ या काळात नव्या केंद्रांना परवाने देणे सरकारने स्थगित ठेवले होते. तो अडसर निघताच केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांना माणसे हवीशी झाली. जुन्या नाट्यगृहांतील विनोदकार, नभोवाणीवरील निवेदक, चित्रपटांतील ओसरत्या वयाचे तारे या सर्वांनी तेथे नशीब अजमावले, टिकले थोडे. कारण या माध्यमाची शिस्त निराळी होती. नाट्यगृहातील गायिकेने शेवटच्या बाकापर्यंत आवाज आणि हात पोहोचवावयाचे असतात. दूरचित्रवाणीवर चेहरा हातभर अंतरावर येतो, प्रेक्षक चपला काढून आपल्याच घरात बसलेला असतो, आणि संचातील कर्णा इतका लहान व क्षीण असतो की अतिउंच व अतिखोल दोन्ही स्वर त्यातून फुटकेच बाहेर येतात. मध्यम सप्तकात, स्पष्ट उच्चारांनी, भुवया न ताणता गाणारी पेजबाईंसारखी गायिका या चौकटीत नेमकी बसली. १९५२–५३ मध्ये कागदी रुमालांच्या एका कारखानदाराच्या खर्चाने एन. बी. सी.वर ‘स्कॉट म्यूझिक हॉल’. १९५५ मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचे, आगाऊ चित्रित करून गावोगावच्या केंद्रांना पुरवलेले कार्यक्रम. १९५६ च्या उन्हाळ्यात गायक पेरी कोमो रजेवर असता त्यांच्या कार्यक्रमाच्या जागी. १९५७–५८ मध्ये सी. बी. एस.वर ‘द बिग रेकॉर्ड’. आणि १९५८–५९ मध्ये ए. बी. सी.वर ओल्ड्समोबिल मोटारींच्या नावाने. तिन्ही राष्ट्रीय जाळ्यांवर स्वतःचा कार्यक्रम, असा हा आलेख आहे. मोटारकंपनीचे नाव कार्यक्रमाच्या कपाळावर असे यात कोणास गैर वाटत नसे. डायना शोर या समकालीन गायिकेने तर शेव्हरोले मोटारीचे गाणे गात व शेवटी प्रेक्षकांकडे हाताने चुंबन फेकत एक अख्खी पिढी मोहित केली.

येथे एक अडचण होती ती कोणी फारशी बोलून दाखवीत नसे. तबकडीवरील चौघी पडद्यावर आणावयाच्या कशा? थेट प्रक्षेपणात एकाच बाईला चार ठिकाणी उभे करता येत नाही. मग साथीला गायकांचा मेळा घ्यावा लागे. जे ध्वनिमुद्रण-गृहात पैसे वाचवण्यासाठी टाळले होते तेच पडद्यावर पैसे मोजून आणावे लागले. ‘युअर हिट परेड’ या तत्कालीन लोकप्रिय कार्यक्रमाची फजिती आणखी वेगळी. त्यात दर आठवड्याची सर्वाधिक खपाची गाणी ठरावीक गायक-गायिका म्हणून दाखवीत. परंतु एखादे गाणे आठ-आठ, दहा-दहा आठवडे यादीत ठाण मांडून बसले की दर खेपेस नवा देखावा, नवे कपडे, नवी हकिकत रचावी लागे, आणि लेखक हातघाईस येत. नभोवाणीवर गाणे पुन्हा पुन्हा ऐकून माणूस कंटाळत नव्हता. डोळे मात्र लवकर विटतात.

आणि या दिवाणखान्यात कोणाला बोलावणे होते व कोणाला नव्हते, याचा हिशेब केल्यावाचून पेजबाईंच्या यशाचे खरे मोल कळणार नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेली, शास्त्रीय संगीत आणि जाझ दोन्ही पियानोवर सारख्याच सफाईने वाजवणारी हेझल स्कॉट ही कृष्णवर्णी विदुषी १९५० च्या उन्हाळ्यात स्वतःचा कार्यक्रम घेऊन ड्यूमाँट जाळ्यावर आली होती, पेजबाईंच्याही आधी. साम्यवाद्यांच्या हस्तकांची म्हणून जी यादी त्या वर्षी छापली गेली तीत तिचे नाव आले. ती आपण होऊन चौकशी समितीपुढे गेली, ताठ मानेने जबाब दिला, आणि आठवड्याभरात तिचा कार्यक्रम बंद झाला. नॅट किंग कोल यांचा कार्यक्रम एन. बी. सी.ने १९५६ ते १९५७ असा वर्षभर चालवला. गायक असामान्य, प्रेक्षक पुष्कळ, परंतु दक्षिणेकडील गिऱ्हाईक दुखावेल या धाकाने एकही मोठा राष्ट्रीय कारखानदार त्याच्यामागे उभा राहिला नाही. दूध, कागद आणि मोटारी यांचे धनी ज्या चेहऱ्याला ‘सर्वांचा’ म्हणत होते तो गोरा असावा लागे. पेजबाईंनी हा नियम केला नव्हता. पण त्याचा लाभ त्यांना झाला, हे त्यांच्या चाहत्यानेही कबूल केले पाहिजे.

१९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली त्याच पडद्यावर अवतरला आणि अनेक समकालीन गायिकांची नावे याद्यांतून वर्ष-दोन वर्षांत पुसली गेली. पेजबाई टिकल्या. १९५७ चे ‘ओल्ड केप कॉड’ हे माझ्या मते त्यांचे सर्वांत देखणे काम. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वाळूच्या त्या भूशिराचे वर्णन मुळात एका गृहिणीने कवितारूपाने लिहिले होते. बाईंचा मुक्काम बॉस्टनला असता ते त्यांच्या हाती आले. पुन्हा तबकडीची मागची बाजू, पुन्हा थरावर थर चढवलेला आवाज, आणि पुन्हा मागच्या बाजूनेच बाजी मारली. यादीत तिसरे स्थान. पुढे १९६० साली ‘एल्मर गँट्री’ चित्रपटात त्यांनी भूमिका केली. १९६५ साली बेट डेव्हिसच्या एका भयपटातील ‘हश, हश, स्वीट शार्लट’ हे गीत त्यांच्या आवाजात पहिल्या दहांत पोहोचले, ते अखेरचे. त्यानंतरची वर्षे त्यांनी बव्हंशी ग्रामीण संगीताच्या वर्तुळात काढली. त्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही.

१९९७ साली मात्र दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या कारकिर्दीच्या पन्नाशीनिमित्त जलसा झाला, आणि त्याच्या मुद्रणास १९९९ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एवढ्या तबकड्या विकलेल्या गायिकेचे ते पहिलेच ग्रॅमी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. दुसरीकडे इंग्लंडात ग्रूव्ह आर्माडा या जोडीने ‘ओल्ड केप कॉड’मधील दोन-तीन ओळींचा तुकडा कापून, संथ तालावर पुन्हा पुन्हा फिरवून स्वतःचे गाणे रचले, आणि ज्या तरुणांना पॅटी पेज हे नाव ठाऊक नव्हते ते नृत्यगृहांत पहाटेपर्यंत तो आवाज ऐकू लागले. मुंबईत दूरचित्रवाणी आली तीच मुळी १९७२ च्या २ ऑक्टोबरला, त्यामुळे पेजबाईंचा पडद्यावरील सुवर्णकाळ आपल्याकडे कोणी पाहिला नाही. आता आंतरजालावर त्या जुन्या चित्रफिती कोणासही पाहता येतात, आणि तबकडीवर भरदार वाटणारा तो आवाज एकटा असताना किती नाजूक होता ते त्यांतच नीट कळते.

१ जानेवारी २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जीवनगौरवाचे ग्रॅमी आधीच जाहीर झाले होते. ते फेब्रुवारीत मरणोत्तर देण्यात आले. त्याच्या चार वर्षे आधी, २००९ साली, प्राणिदयेचे काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या विनंतीवरून त्यांनी आपल्या सर्वांत बदनाम गाण्याची चाल नव्या शब्दांनिशी पुन्हा गायली. दुकानाच्या खिडकीतील पिले कोठून येतात आणि तेथे त्यांची पैदास कशी होते हे आता लोकांना कळले आहे, तेव्हा खिडकीपाशी उभे राहून किंमत विचारू नका, आश्रयगृहात जाऊन एखादे बेवारशी कुत्रे घरी आणा, असा त्या नव्या शब्दांचा आशय आहे.